गाठ साधी आहे, आता पुढे काय?

छातीत गाठ लागली की आपल्याकडे दोन टोकांचं वागणं दिसतं. काही जणी महिनोन्‌महिने कुणाला सांगतच नाहीत. आंघोळ करताना रोज चाचपून बघतात आणि आपोआप जिरेल म्हणून वाट बघत राहतात. उलट काही घरांत गाठ कळल्याच्या आठवड्यातच मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर असते, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, "गाठ आहे ना, मग ठेवायची कशाला? काढून टाका." पहिलं वागणं धोक्याचं आहे हे आता बऱ्याच जणींना पटलंय. दुसऱ्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. विशी-तिशीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. त्यातल्या बऱ्याच काढाव्याही लागत नाहीत. आणि ज्या काढाव्या लागतात, त्यातल्या कितीतरी आता पूर्ण भूल न देता, टाके न घालता, सुईच्या वाटेने काढता येतात. अट एकच: आधी गाठ कसली आहे ते नक्की व्हायला हवं. ते ठरण्याआधी केलेला कुठलाही उपाय, मग तो लेप असो की ऑपरेशन, घाईचा असतो.

गाठ कसली आहे हे ठरवायला तीन गोष्टी लागतात: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज असेल तर सुईने काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट. या तिन्हींचं म्हणणं एकमेकांशी जुळलं पाहिजे. हाताला गाठ कडक आणि चिकटलेली लागतेय आणि रिपोर्ट मात्र 'साधी' म्हणतोय, असं असेल तर तो रिपोर्ट घेऊन निश्चिंत घरी जायचं नसतं. तपासणी पुन्हा करावी लागते. ही एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ आहे.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईतल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून शहरातल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासत होत्या. वीस वर्षांच्या पाहणीनंतर 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र नव्हतं, शिकलेला हात होता. तेव्हा डॉक्टर नुसते फाइल वाचून सोनोग्राफीची चिठ्ठी देत असतील, तर "एकदा तपासून बघता का?" असं विचारायला संकोच करू नका. पाळी सुरू असेल तर ती संपून दोन-चार दिवस झाल्यावर जावं. तेव्हा छाती मऊ असते, दुखत नाही आणि गाठ नीट कळते.

चाळिशीच्या आत साधारणपणे आधी सोनोग्राफी करतात, कारण तरुण वयात छातीची घडण दाट असते आणि मॅमोग्राफीत तिच्याआड गाठ लपून जाते. चाळिशीनंतर दोन्ही लागतात. रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स' असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो. घरी आल्यावर सगळे त्या आकड्याकडे बघून घाबरतात, म्हणून थोडक्यात सांगते. 2 म्हणजे निश्चित साधी. 3 म्हणजे साधीच असावी, कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांहून जास्त नाही, पण लक्ष ठेवा. 4 म्हणजे तुकडा तपासल्याशिवाय काही बोलता येणार नाही. 5 म्हणजे कॅन्सरचा दाट संशय. 4 लिहिलं म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. 4 आलेल्या पुष्कळ गाठी शेवटी साध्याच निघतात. पण 4 आल्यावर "सहा महिन्यांनी बघू" हे उत्तर चालणार नाही.

सुईच्या तपासणीचे दोन प्रकार आहेत. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेतात ती एफएनएसी. जाड सुईने शेवईएवढे तुकडे काढतात ती कोअर बायोप्सी. एफएनएसी स्वस्त आहे आणि लहान गावातही होते, पण पेशी सुट्या आल्यामुळे गाठीची रचना दिसत नाही. घट्ट गाठीसाठी शक्य असेल तिथे कोअर बायोप्सीच मागा. जागा बधिर करून ती दहा-पंधरा मिनिटांत होते. "सुई टोचली की गाठ चिघळते, कॅन्सर पसरतो" हे आजही घरोघर ऐकू येतं, आणि त्यापायी कित्येक जणी सुई टाळून सरळ ऑपरेशनला तयार होतात. सुईने साधी गाठ कॅन्सरची होत नाही. उलट सुई टाळली तर कुठल्या गाठीवर ऑपरेशन करतोय हेच डॉक्टरांना माहीत नसतं. पंचविशीच्या आतल्या मुलीत सोनोग्राफीची सगळी लक्षणं साध्या गाठीची असतील, तर सुईशिवाय नुसतं लक्ष ठेवणंही मान्य आहे. ते मात्र डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

तरुण वयात सगळ्यात जास्त आढळते ती फायब्रोॲडिनोमाची गाठ. घट्ट, गुळगुळीत, कडा स्पष्ट, आणि बोटाने ढकलली की सुळकन इकडून तिकडे सरकणारी. बहुतेक वेळा ती एक ते तीन सेंटिमीटरची असते, काही जणींना एकाहून जास्त असतात. स्त्रीहार्मोनच्या प्रभावाखाली ती असते, म्हणून गरोदरपणात वाढू शकते आणि पाळी गेल्यावर आक्रसते. साध्या फायब्रोॲडिनोमाचा कॅन्सर होणं अत्यंत दुर्मीळ आहे.

पस्तिशी-चाळिशीनंतर पाण्याच्या गाठी दिसू लागतात. सोनोग्राफीत आत नुसतं पाणी आणि भिंत पातळ असेल तर त्या गाठीला काहीच करायला नको. दुखत असेल तर सुईने पाणी ओढून घेतलं की लगेच आराम पडतो. ते पाणी पिवळट-हिरवट असणं नेहमीचंच आहे. रक्ताळलेलं निघालं, किंवा पाणी काढूनही गाठ हाताला लागत राहिली, तर मात्र पुढची तपासणी हवी. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साठून गाठ होते, तीही सुईनेच रिकामी होते. पू झाला असेल तर पूर्वी सर्रास मोठा छेद देऊन जखम उघडी ठेवत असत. आता सोनोग्राफीत बघत सुईने पू काढतात, लागला तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा काढतात, आणि बरोबर प्रतिजैविकं देतात. पाजणं बंद करायचं नसतं. दूध साठून राहिलं तर त्रास वाढतो. घरातल्या मोठ्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं बरं.

एका प्रकाराबद्दल वेगळं सांगायला हवं. सूज, लाली, वाहणाऱ्या जखमा आणि मध्ये कडक गाठ असं चित्र घेऊन काही जणी येतात. हा ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस असू शकतो, आपल्याकडे क्षयरोगही असू शकतो. दिसायला दोन्ही कॅन्सरसारखे. इथे घाईने चिरफाड केली तर जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. तुकडा आणि क्षयाची तपासणी करून औषधांनी उपचार करावे लागतात. अशा रुग्णाची आधीच दोन-तीनदा चिरफाड झालेली दिसते तेव्हा वाईट वाटतं, कारण ती टाळता आली असती.

आता फायब्रोॲडिनोमाकडे परत. ओपीडीत आई मुलीला घेऊन येते, रिपोर्ट समोर ठेवते आणि स्वतःच बोलायला लागते.

"डॉक्टर, पुढच्या वर्षी हिचं लग्न बघतोय. आत्ताच काढून टाकू या ना. नंतर कुणी म्हणायला नको."

"ताई, रिपोर्ट साधा आहे. दोन सेंटिमीटरची गाठ आहे. या गाठीने लग्नात, मूल होण्यात की बाळाला पाजण्यात काही अडत नाही. तुला दुखतं का गं?"

मुलगी मान हलवते. नाही.

"वाढल्यासारखी वाटते?"

"नाही. पण सारखं लक्ष जातं तिकडे."

निर्णय या मुलीच्या उत्तरावर व्हायला हवा. दुखत नाही, वाढत नाही आणि रिपोर्ट साधा आहे, तर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, मग वर्षाने, आणि आकार स्थिर राहिला की दोन वर्षांनी तेही थांबवता येतं. काही गाठी या काळात स्वतःहून लहान होतात. हा उपाय न करण्याचा सल्ला वाटतो, पण बहुतेक साध्या गाठींसाठी माझ्या मते हाच पहिला आणि चांगला उपाय आहे. मात्र सतत लक्ष जाणं, झोप न लागणं, हेही खरं दुखणं आहे. सगळं समजून घेऊनही "मला ती नको आहे" असं मुलगी म्हणत असेल, तर तिचं म्हणणं हे काढायचं पुरेसं कारण आहे. "लोक काय म्हणतील" हे मात्र नाही. बाकी वैद्यकीय कारणं सरळ आहेत: गाठ तीन सेंटिमीटरच्या आसपास किंवा मोठी आहे, सहा महिन्यांत स्पष्ट वाढली, दुखते, किंवा तिन्ही तपासण्या जुळत नाहीत. गरोदरपणाचा विचार असेल आणि गाठ मोठी असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा, कारण त्या काळात ती वाढू शकते आणि तेव्हा हात लावणं गैरसोयीचं असतं.

काढायचं ठरलं तर चाकूच्या आधी विचारायचा पर्याय म्हणजे व्हॅक्यूमच्या सुईने गाठ काढणं. हे यंत्र 1990 च्या दशकाच्या मध्यात तपासणीसाठी तुकडे घ्यायला आलं, आणि पुढे त्याच सुईने आख्खी गाठ काढता येते हे लक्षात आलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2006 मध्ये साध्या गाठींसाठी या पद्धतीला मार्गदर्शक मान्यता दिली. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या स्तनविकार केंद्रांत आणि काही रेडिओलॉजिस्टकडे ती होते.

टेबलावर नेमकं काय होतं ते माहीत असलं की भीती निम्मी होते. तुम्ही उताण्या किंवा किंचित कुशीवर, हात डोक्यामागे. डॉक्टर सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवतात, पडद्यावर गाठ काळसर लंबगोल दिसते. कडेला भुलेचं इंजेक्शन देतात. तेवढं एकच चांगलं टोचतं. मग त्याच औषधाचं पाणी गाठीच्या खाली आणि वर सोडत जातात. यात बधिर करण्याबरोबरच गाठ त्वचेपासून आणि खालच्या स्नायूपासून दूर उचलणं, हाही हेतू असतो. औषधात बहुधा ॲड्रिनॅलिन मिसळलेलं असतं, म्हणजे रक्त कमी येतं. त्याने थोडा वेळ छातीत धडधड वाटली तर घाबरू नका, सांगा. तीन ते पाच मिलिमीटरचा छेद देऊन साधारण चार मिलिमीटर जाडीची सुई गाठीच्या बरोबर खाली सरकवतात. सुईच्या बाजूला एक खाच असते. यंत्र चालू झालं की हवेच्या ओढीने गाठीचा भाग त्या खाचेत खेचला जातो, आतलं फिरतं पातं तो कापतं आणि तुकडा मागे एका डबीत जाऊन पडतो. मिक्सरसारखा आवाज येतो, दाब जाणवतो, पण दुखायला नको. दुखलं तर आणखी भूल देता येते, म्हणून गप्प बसून सहन करू नका. सुई न काढता असे तुकडे घेत घेत पडद्यावरची ती काळी सावली नाहीशी होईपर्यंत काम चालतं. अर्धा-पाऊण तास पुरतो. शेवटी दहा-पंधरा मिनिटं हाताने घट्ट दाबून धरतात. हा दाब कंटाळवाणा वाटतो, पण आत रक्त साठू न देण्यात त्याचाच मोठा वाटा असतो. वर एक पट्टी, छातीभोवती घट्ट बँडेज, आणि त्याच दिवशी घरी.

या पद्धतीचं मला सगळ्यात जास्त पटणारं म्हणजे डबीतला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. म्हणजे उपचारही होतो आणि पुन्हा खात्रीही होते. उणिवाही आहेत. गाठ तुकड्यांत निघाल्यामुळे कडा पूर्ण सुटल्या का हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगता येत नाही. गाठ तीन सेंटिमीटरच्या पुढे असेल तर थोडा भाग मागे राहण्याची आणि तो पुढे वाढण्याची शक्यता वाढते. छाती काळी-निळी होणं जवळपास सगळ्यांना होतं, पंधरा दिवसांत जातं. आत रक्ताची गाठ धरणं कमी वेळा होतं आणि बहुतेकदा आपोआप जिरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिनसुद्धा, चालू असतील तर तारीख घेतानाच सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. पाजणाऱ्या आईने शक्यतो पाजणं संपेपर्यंत थांबावं, कारण सुईच्या वाटेतून दूध झिरपत राहू शकतं.

दुसरा मार्ग गाठ आतल्या आत गोठवण्याचा, म्हणजे क्रायोचा. बारीक नळी गाठीत घालून आरगॉन किंवा द्रवरूप नायट्रोजनने ती गोठवायची, वितळू द्यायची, पुन्हा गोठवायची. उणे 40 अंशांच्या खाली पेशी मरतात. गारठ्याने नसाही बधिर होत असल्याने दुखणं फार कमी. अमेरिकेत 2001 मध्ये फायब्रोॲडिनोमासाठी याला परवानगी मिळाली, आणि तिथल्या स्तनशल्यविशारदांच्या संघटनेच्या अटी स्पष्ट आहेत: गाठ सोनोग्राफीत दिसायला हवी, तुकड्याच्या रिपोर्टने ती फायब्रोॲडिनोमाच असल्याचं सिद्ध झालेलं हवं, आणि आकार चार सेंटिमीटरच्या आत हवा. इथे गाठ बाहेर निघत नाही. मेलेली गाठ शरीर हळूहळू जिरवतं, त्याला कित्येक महिने लागतात, आणि तोवर ती हाताला लागतच राहते. जिचं सारखं गाठीकडे लक्ष जातं, तिला ही गोष्ट आधी सांगितली नाही तर मनस्ताप होतो. ध्वनिलहरी एका बिंदूवर आणून गाठ भाजणारी हायफू पद्धत त्वचेला छेदही देत नाही. रेडिओलहरी किंवा मायक्रोवेव्ह सुईवाटे उष्णता देतात. या सगळ्या आपल्याकडे मोजक्या ठिकाणीच आहेत. गोठवणं असो वा भाजणं, नंतर तपासायला काही उरत नाही, म्हणून आधीचा कोअर बायोप्सीचा रिपोर्ट पक्का नसेल तर यातलं काहीही करून घेऊ नका.

आणि काही गाठींना ऑपरेशनच योग्य. भराभर वाढणारी, विशेषतः पस्तिशी-चाळिशीनंतरची, किंवा बायोप्सीत 'फिलॉइड्स' असा शब्द आलेली गाठ भोवतालच्या थोड्या भागासह अखंड काढावी लागते. तिचे सुईने तुकडे करायचे नसतात. पाच सेंटिमीटरच्या पुढची, त्वचेला अगदी लागून असलेली गाठ, तिथेही चाकू बरा. बोंडाभोवतीच्या काळसर कडेवर छेद घेतला तर व्रण सहसा फारसा दिसत नाही. शल्यविशारदांना याबद्दल आधी विचारा. रिपोर्टमध्ये 'एटिपिया' लिहिलं असेल, किंवा आई-बहिणीला कमी वयात कॅन्सर झालेला असेल, तर तुमची गाठ 'साधी' या खात्यात आपण होऊन टाकू नका. तिचा निर्णय स्तनविकारांच्या तज्ज्ञाकडेच व्हावा.

डॉक्टरांशी बोलताना या गोष्टी विचारून घ्या: माझ्या गाठीचा तुकड्याचा रिपोर्ट काय म्हणतो आणि तो सोनोग्राफीशी जुळतो का? काहीच केलं नाही तर काय होईल? ही पद्धत तुम्ही स्वतः नेहमी करता का? काढलेलं सगळं तपासणीला जाणार ना? जागा ओळखण्यासाठी आत टायटॅनियमची बारीक खूण ठेवणार का? अशी खूण ठेवली तर घाबरायचं कारण नाही, ती आत राहिली तरी चालते. पुढच्या सोनोग्राफीवेळी फक्त सांगायची.

घरी आल्यावर बँडेज एक दिवस काढू नका. दोन-तीन दिवस दुचाकी चालवणं, आणि आठवडाभर भरलेली बादली, कळशी उचलणं टाळा. आतून आधार देणारी घट्ट ब्रा रात्रीही घाला. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरते. छाती एकाएकी फुगली, ताप आला, किंवा पट्टी रक्ताने भिजत राहिली तर वाट न बघता फोन करा. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो. तो घ्यायला स्वतः जा आणि डॉक्टरांकडून समजून घ्या. क्वचित त्यात फिलॉइड्स निघतं आणि मग छोटं ऑपरेशन लागतं. सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी असते. तेव्हा जुन्या फिल्म आणि सीडी बरोबर न्या, नुसता कागदी रिपोर्ट तुलनेला पुरत नाही.

राहिला खर्च. व्हॅक्यूमची सुई एकदाच वापरायची असते आणि बिलाचा मोठा भाग तिचाच असतो, म्हणून काही ठिकाणी ही पद्धत साध्या ऑपरेशनहून महाग पडते. खर्च झेपणारा नसेल तर चांगल्या शल्यविशारदाने केलेलं छोटं ऑपरेशन हा कमीपणाचा पर्याय नाही. विमा असेल तर आधी विचारा, कारण चोवीस तास दाखल न होता झालेल्या उपचारांसाठी कंपनीची डे-केअरची यादी असते आणि तिच्यात या पद्धतीचं नाव नसेल तर दावा अडकतो. पूर्वमंजुरी लेखी घ्या. सरकारी योजनेचं कार्ड असेल तर संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रिपोर्ट दाखवून काय बसतं, काय बसत नाही ते विचारा. मंजुरीला दोन-तीन आठवडे लागले तरी थांबा. रिपोर्ट साधा असलेल्या गाठीला तेवढी सवड असते.